दोन तास पाणी

निजसुरे काका जेवायला यायचे असले, की त्या दिवशी सकाळी मी पहिलं काम करायची ते घरातले अल्बम लपवण्याचं. भाजी चिरायची राहिली तरी चालेल, पण अल्बम कोचाखाली गेलेच पाहिजेत. त्या काळी अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी घरात एकाच जातीचे अल्बम असत. जाड पुठ्ठ्याची पानं, त्यांवर चिकट रेघा आणि वर प्लॅस्टिकचा पारदर्शक पापुद्रा. पापुद्रा उचलायचा, फोटो ठेवायचा, वरून हात फिरवायचा, की झालं. आम्हाला तो मोठा शोध वाटायचा. काकांच्या मात्र असा अल्बम नुसता नजरेला पडला तरी कपाळाला आठी पडायची.

माझ्या लग्नाचा अल्बम त्यांनी पहिल्याच भेटीत पाहिला. पाहिला म्हणजे आधी हुंगला. पान नाकाशी नेऊन डोळे मिटले आणि म्हणाले, "दहा वर्षं. फार तर पंधरा. त्यानंतर वसुधा, तुझा नवरा या पानातून निघायचा नाही. आणि निघालाच, तर चेहरा मागे ठेवून निघेल." माझा नवरा समोरच बसून श्रीखंड खात होता. त्याने चमचा खाली ठेवला.

ही त्यांची बोलायची तऱ्हा. लोकांना वाटे माणूस कुजकट आहे. तसा तो थोडा होताही, खोटं कशाला बोलू? एकदा पार्सिपनीला डॉक्टर गोगट्यांकडे दिवाळीच्या फराळाला वीस-पंचवीस माणसं जमली होती. काका कोपऱ्यात अल्बम घेऊन बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी गोगटेबाईंना विचारलं, "वहिनी, डेंटल फ्लॉस आहे का घरात?" बाईंना वाटलं चिवड्यातलं खोबरं दातात अडकलं असेल. त्यांनी डबी आणून दिली. काकांनी हातभर दोरा काढला, दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळला आणि अल्बममधल्या एका फोटोखालून करवतीसारखा हळूहळू ओढायला सुरुवात केली. गोगट्यांचा धाकटा ओरडला, "मॉम, व्हाय इज अंकल फ्लॉसिंग अवर अल्बम?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. तो डॉक्टरांच्या आईचा फोटो होता, रत्नागिरीहून येताना आणलेला एकुलता एक. पाऊण तासाने तो सुटला, पण मागचा निम्मा कागद पानालाच चिकटून राहिला. काकांनी तो दोन्ही तळव्यांवर धरून डॉक्टरांसमोर नेला. म्हणाले, "आज निघाल्या. अजून दोन दिवाळ्यांनी निघाल्या नसत्या."

"अहो निजसुरे, सणासुदीला काय हे," डॉक्टर म्हणाले आणि फोटो फ्रिजवर ठेवून पाहुण्यांकडे वळले.

त्यानंतर काकांना बोलावणी कमी होत गेली. पण अल्बम हे नुसतं निमित्त होतं. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी ते बोलत नव्हतं. ज्यांचं एकुलतं एक मूल गेलं आहे त्यांच्याशी फराळाच्या ताटावर बसून काय बोलायचं, हे आमच्यापैकी कुणालाच कळत नव्हतं.

मी ऐंशी साली अमेरिकेत, पिस्कॅटवेला आले, तेव्हा त्यांच्या मंजूला जाऊन तीन वर्षं झाली होती. मी तिला कधीच पाहिलं नाही. जे कळलं ते मालतीकाकूंकडून, काकांच्या बायकोकडून, तेही एका बैठकीत नव्हे. मंजिरी अकरा वर्षांची होती. उन्हाळ्यात मराठी मंडळींची सहल एका तळ्यावर गेली होती. काका तेव्हा हौशी फोटोग्राफर, ग्रुप फोटो त्यांनीच काढायचा हा शिरस्ता. उंच मागे, बुटके पुढे, बायकांनी पदर सारखे करा, अमक्या तू जरा डावीकडे. त्यांचा ग्रुप फोटो म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती. सगळे उभे राहिले तेव्हा कुणीतरी विचारलं, "मंजू कुठंय?" ती अजून एकदा पाण्यात जाऊन येते म्हणाली होती. काका म्हणाले, "येईल. तोवर आपण एक घेऊन ठेवू. हलू नका."

त्या फोटोत सतरा माणसं आहेत आणि सगळी हसताहेत. काकूंनी मला तो दाखवला होता. त्यानंतर काकांनी जिवंत माणसावर कॅमेरा कधी रोखला नाही.

काका मूळचे पुण्याचे, रसायनशास्त्राचे. रंग बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत ते चांगल्या हुद्द्यावर होते. मंजू गेल्यावर दीड-दोन वर्षांनी त्यांनी ती नोकरी सोडली आणि आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तळघरात, जुने कागद आणि फोटो दुरुस्त करायची लहानशी नोकरी धरली. लोक म्हणाले, डोक्यावर परिणाम झालाय. मी त्याच ग्रंथालयात कॅटलॉगिंगला होते. वर आमचा विभाग, खाली त्यांची खोली. त्या खोलीला खिडकी नव्हती आणि काकांना ती तशीच हवी होती.

त्या खोलीत दोन अल्बम होते. कुण्या धनिकाने विद्यापीठाला दिलेले, इंग्लंड-स्कॉटलंडकडचे, व्हिक्टोरिया राणी नुकती गादीवर आली होती त्या काळातले. तेव्हा फोटो साध्या लिहायच्या कागदावर काढत. कागद मिठाच्या पाण्यात बुडवायचा, वाळवायचा, त्यावर चांदीचा क्षार लावायचा, निगेटिव्हखाली दाबून उन्हात ठेवायचा. ऊन जिथे लागेल तिथे कागद तपकिरी होत जातो आणि माणूस दिसायला लागतो. मग हायपो नावाच्या क्षाराच्या पाण्यात घालायचा, म्हणजे चित्र तिथेच थांबतं. आणि मग पाणी. तो हायपो कागदातून पुरता निघून जाईपर्यंत नुसतं पाणी. हे सगळं मला काकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

ते फोटो मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते फोटो आहेत हेच मला पटेना. चकाकी नाही, कडा धारदार नाहीत. तपकिरी सावल्या कागदाच्या वर नसून कागदाच्या आत मुरलेल्या. टोप्या घातलेल्या बायका, कोळिणी, धर्मोपदेशक, हातावर डोकं टेकलेले पुरुष. सगळे कशाला तरी टेकलेले, कारण मिनिट-मिनिट हलायचं नाही. एकशे चाळीस वर्षांपूर्वीचे कुणाचे कोण, ते आमच्याकडे बघत होते.

"पाच मिनिटं झाली," काका म्हणाले आणि मधला पातळ कागद फोटोवर ओढून घेतला. हा त्यांचा नियम होता. कुणीही असो, एका पानाला पाच मिनिटं. मग पान मिटायचं, अल्बम पेटीत, पेटी कपाटात. एकदा खुद्द कुलगुरूंची बायको आली होती, तिलाही पाचच मिनिटं. खोलीत शाईचं पेन नेता येत नसे, पेन्सिल चाले. हात धुऊन, कोरडे करून, त्यांना दाखवून आत जायचं. माझ्या डोक्याला खोबरेल असायचं, म्हणून मला रुमाल बांधायला लावत. "चपचपीत तेल आहे. एक थेंब त्या कोळिणीवर पडला तर ती कायमची तुझी," म्हणत. मी चिडायची, पण रुमाल बांधायची.

अल्बममधले काही फोटो मात्र कडेपासून पिवळे पडत चालले होते. एका जाड्या धर्मोपदेशकाचं अर्धं पोट आणि एक बाही नाहीशी झाली होती. एकाच माणसाने काढलेले, एकाच अल्बममधले, मग एक टिकतो आणि दुसरा का जातो, असं मी विचारलं. काकांना हा प्रश्न फार आवडत असे.

"याला नीट धुतला नाही. थंडी असेल, विहीर लांब असेल, नोकर आळशी असेल. हायपो आत राहिला. तो आतून चांदी खातो. पहिली पाच-दहा वर्षं काही कळत नाही. मग एक कोपरा पिवळा पडतो." ते बोटाने हवेतल्या हवेत त्या पोटाची कड दाखवत. "लोकांना वाटतं फोटो उन्हाने जातो. ऊन नंतर. आधी जातो तो पाण्यात कंजुषी केल्याने. दोन तास, वसुधा. घड्याळ लावून दोन तास, गार पाणी, दर पाच मिनिटांनी बदलून. कंटाळा आला तर फोटो काढू नये माणसाने."

हे दोन तास मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकले असतील, देव जाणे. जेवणानंतर ताट विसळतानाही ते एकदा तसं म्हणाले होते.

दुसऱ्या अल्बममध्ये मागच्या बाजूला एक लहान मुलगी होती. पांढरा फ्रॉक, कोचावर आडवी, गालाखाली हात. एका प्राध्यापकाबरोबर विद्यार्थ्यांचा वर्ग आला होता, त्यातली एक मुलगी म्हणाली, "ओ, शी इज स्लीपिंग! सो क्यूट."

काकांनी अल्बमची आधीची पानं उलटली. दुसऱ्या एका मुलाच्या डोक्याजागी नुसतं धुकं होतं. आणखी एका पोराला तीन हात दिसत होते. "मुलं हलतात," काका इंग्रजीत म्हणाले. "मिनिटभर कोण बसेल? या दोन अल्बममध्ये एकूण नऊ मुलं आहेत आणि आठ पुसट आहेत." मग पुन्हा त्या फ्रॉकवालीचं पान काढलं. "झोपलेलं मूलही श्वास घेतं, मिस. धिस वन डिड नॉट मूव्ह."

ती विद्यार्थिनी रडायला लागली. काकांनी तिला पाणी दिलं नाही की खुर्ची दिली नाही. ते त्या पानाकडे बघत होते आणि त्या दिवशी पाच मिनिटं कधीच उलटून गेली तरी त्यांनी पातळ कागद ओढला नाही. मग अगदी हळू, मराठीत, मलाच ऐकू येईल असं म्हणाले, "पण धुतलाय बघ कसा. डाग नाही कुठे. बापाने स्वतः उभं राहून धुवून घेतला असेल."

प्राध्यापकांनी तक्रार केली. आमच्या प्रमुख मार्गारेटबाईंनी मला बोलावून सांगितलं की मिस्टर निजसुऱ्यांना जरा सौम्य बोलायला सांग. मी सांगितलं. "मी काय खोटं बोललो?" त्यांनी विचारलं आणि ते पुन्हा भिंग डोळ्याला लावून बसले.

त्यांच्या घरी दिवाणखान्याच्या भिंतीवर एक रिकामा खिळा होता. खाली लहानसं फळकूट, त्यावर समई आणि उदबत्तीचं घर. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, देवाची तसबीर पुसायला काढली असेल. काकूंनी माझी नजर पाहिली.

"मंजूचा फोटो होता तिथं. मोठा करून आणलेला, रंगीत. चंदनाचा हार घातला होता. यांनी काढून कपाटात ठेवला. म्हणे उजेडाने जातो." त्या कपाटाकडे गेल्या आणि एक खोका काढून माझ्यासमोर ठेवला. "आता अंधारात काय झालंय तेही बघ."

खोकाभर मंजू होती. बारसं, वाढदिवस, बर्फातली, घागऱ्यातली, पहिल्या दिवशी शाळेला निघालेली. आणि सगळी लाल. आकाश लाल, गवत लालसर, बर्फ गुलाबी, पोरीचा चेहरा विटेच्या रंगाचा. त्या काळचे रंगीत फोटो असेच जायचे, उजेडात ठेवा नाहीतर अंधारात. आतला निळा रंग आधी मरतो आणि लाल तेवढा उरतो. इतरांना हे पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. काकांना आधीपासून माहीत होतं, कारण असले रंग बनवण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं. आपल्याच मुलीचा चेहरा किती वर्षांत जाणार, हे त्यांना पाठ होतं.

"वसू, मला तिचा आवाज आता आठवत नाही," काकू म्हणाल्या. "यांना सांगू नकोस. चेहरा तेवढा राहू दे म्हणावं." खोका त्यांनी माझ्या हातून घेतला आणि झाकण लावलं.

त्यासाठीच काकांनी तळघरातली नोकरी धरली होती, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांच्याकडे मंजूची एकच ब्लॅक-अँड-व्हाइट निगेटिव्ह होती. भारतात जायचं म्हणून पासपोर्टसाठी काढलेला फोटो. दोन वेण्या, रिबिनी, कान दिसतील असा सरळ चेहरा. हसू नकोस म्हटल्यामुळे दाबून धरलेलं हसू. त्या निगेटिव्हवरून मोठी निगेटिव्ह करून, ती त्या जुन्या पद्धतीने, मिठाच्या कागदावर उतरवायची असं त्यांनी ठरवलं होतं. साधा काळा-पांढरा फोटो का नाही करत, असं मी विचारलं तर म्हणाले, "तो किती टिकेल ते मी ऐकलंय. हा टिकलेला मी रोज डोळ्यांनी बघतो."

त्यांनी तीन वर्षं तालीम केली. मंजूच्या निगेटिव्हला हात लावायच्या आधी हात बसायला हवा म्हणून ओळखीच्या सगळ्यांच्या पासपोर्टच्या निगेटिव्ह त्यांनी मागून घेतल्या. चांदीच्या क्षाराने त्यांच्या बोटांची टोकं काळी पडली, ती कायमची. मंडळाच्या गणपतीत पंगतीला बसले की शेजारचे त्यांच्या वरण-भात कालवणाऱ्या बोटांकडे बघत. तळघरात तारेवर आम्ही सगळे वाळत पडलेलो असायचो: मी, माझा नवरा, डॉक्टर गोगटे, मंडळाचे खजिनदार, सगळे तपकिरी, सगळे जुन्या काळातले. आणि प्रत्येकाला दोन तास पाणी. माझा फोटो त्यांनी माझ्यासमोर धुतला होता. घड्याळ लावून उभे होते. मी म्हटलं, "काका, पुरे आता, मी काही एवढी महत्त्वाची नाही." ते म्हणाले, "गप्प बस."

तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात मी अजून बत्तीस वर्षांची आहे आणि कागदावर कुठेही डाग नाही.

मग एका उन्हाळ्यात, शनिवारी, त्यांनी मला सकाळी दहाला बोलावलं. आभाळ स्वच्छ होतं. मागच्या अंगणात टोमॅटोच्या वाफ्याशेजारी स्टुलावर त्यांनी लाकडी चौकट ठेवली. आत कागद, त्यावर निगेटिव्ह, वर काच. कढीपत्त्याची कुंडी त्यांनी सावली पडू नये म्हणून चार हात लांब सरकवली. काकू दारात उभ्या होत्या. अंगणात बोलावलं तरी येईनात आणि आतही जाईनात.

वीस मिनिटांनी त्यांनी चौकट आडोशाला नेऊन मागची अर्धी फळी उघडली. कागदाचं टोक उचललं. वेण्या होत्या. हनुवटी होती. दाबलेलं हसू होतं.

आम्ही तळघरात गेलो. हायपोच्या थाळीत त्यांनी कागद सोडला, हलवला, घड्याळ पाहिलं. सगळं चोख. मग कपडे धुवायच्या मशीनशेजारच्या मोठ्या सिंकमध्ये दुसरी थाळी ठेवली, नळ सोडला आणि कागद पाण्यात ठेवला. तो तोंड वर करून होता. पाण्याचा लोंढा आला की कागद खाली बसायचा, पाणी चेहऱ्यावरून जायचं, मग कागद हळूहळू वर यायचा, पुन्हा खाली.

काका एकदम भिंतीकडे वळले. भिंतीला हात लावून उभे राहिले. मी थाळीतलं पाणी एकदा बदललं. त्यांनी वळून पाहिलं, पुन्हा तोंड फिरवलं. त्यांच्या मानेवर घाम आला होता. आणि मग ते झपकन सिंकपाशी आले, दोन्ही हात पाण्यात घातले आणि कागद बाहेर काढला. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या.

"झालं," ते म्हणाले.

मी घड्याळाकडे पाहिलं. आठ मिनिटं झाली होती.

मी बोलायला हवं होतं. मंडळाच्या खजिनदाराला दोन तास उभं करणारा हा माणूस, आणि हिला आठ मिनिटं! मला काय चाललंय ते कळत होतं. पण ते ओला कागद टिपकागदावर ठेवत होते, कडेने टिपत होते, आणि मी नुसता नळ बंद केला. ते न बोलणं मला आजही बोचतं.

त्या फोटोसाठी त्यांनी स्वतः अल्बम बांधला. सुती कागद, शिवलेला, गोंदाचा थेंब नाही, कोपरे कागदी खोबणीत अडकवलेले. पानं बारा, फोटो एक. काकूंनी फक्त विचारलं, "खिळ्यावर लावायचा ना?"

"नाही. उजेड लागेल."

"मग मी बघायची कधी?"

"वाढदिवसाला. पाच मिनिटं."

काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस? पोटच्या पोरीचे व्हिजिटिंग अवर्स." त्या हसल्या नाहीत. पण मग खरोखरच वर्षातून एकदा, मार्चमध्ये, पाच मिनिटं तो अल्बम उघडायचा आणि काका घड्याळ घेऊन शेजारी बसायचे. मी एकदा तिथे होते. काकू फोटोकडे बघत होत्या आणि काका घड्याळाकडे. मला त्यांचा तेव्हा मनापासून राग आला होता.

चार वर्षांनी माझ्या नवऱ्याला कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला नोकरी लागली. माझा ग्रंथालयातला शेवटचा आठवडा होता. काका जिना चढून वर आले. ते कधीच वर येत नसत. माझ्या टेबलाशी उभे राहून त्यांनी कार्डांचा एक गठ्ठा उगाचच सरळ केला.

"कोपरा पिवळा पडलाय," ते म्हणाले.

कोणता कोपरा, कुणाचा, हे मी विचारलं नाही.

"खालचा उजवा. रिबिनीपर्यंत आलाय. वर्षा-दोन वर्षांत हनुवटीला लागेल." मग म्हणाले, "तू घड्याळ पाहिलं होतंस. मला माहितीय."

"पुन्हा धुतला तर, काका?"

"गेलं ते येत नाही. पुढचं थांबेल. दोन तास." त्यांनी काळी बोटं टेबलावर ठेवली होती. "माझ्याच्यानं होणार नाही, वसुधा. मी पाहिलं करून. थाळीत पाणी घेतो आणि... तू जायच्या आत एवढं कर."

रविवारी दुपारी मी गेले. तळघरात सगळं मांडून ठेवलं होतं. थाळी, थर्मामीटर, टिपकागद, घड्याळ. धुण्याच्या मशीनवर पंचा अंथरून त्यावर अल्बम उघडा ठेवला होता. काका जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबले. "मी खाली येत नाही," म्हणाले आणि आमच्याकडे पाठ करून तिथेच बसले.

मी हात धुतले, रुमाल बांधला. कागदी खोबणीतून फोटो काढायला लागले तेवढ्यात काकू खाली आल्या. पदर खोचलेला होता.

"सर बाजूला," त्या म्हणाल्या. "यांनी मला आज सकाळी सांगितलं. चार वर्षं नाही सांगितलं आणि आज सांगितलं."

"काकू, ओला झाला की कागद फार नाजूक होतो. मी करते ना."

"तू कशाला? सहा वर्षांची होईपर्यंत मीच न्हाऊ घातलंय तिला. डोळ्यांत पाणी गेलेलं चालायचं नाही."

त्यांनी गार पाण्याचा नळ सोडला, मग गरम पाण्याचाही थोडा. मी म्हटलं, "काकू, पाणी गारच लागतं. काकांनी थर्मामीटर ठेवलाय." त्यांनी तिकडे पाहिलं नाही. कोपर पाण्यात बुडवून पाहिलं, आणखी थोडं गरम सोडलं, पुन्हा कोपर बुडवलं. मग फोटोखाली दोन्ही तळवे घालून तो पाण्यात उतरवला आणि तळवे तसेच खाली ठेवले. कागद बुडाला नाही, त्यांच्या हातांवर राहिला. ओला झाल्यावर चित्र गडद झालं. वेण्या काळ्याभोर झाल्या, दाबलेलं हसू वर आलं, पिवळा कोपराही दिसेनासा झाला. मी पाणी बदलत होते, एका बाजूने काढत, एका बाजूने घालत. काकूंनी हात हलवले नाहीत. त्या हलक्या आवाजात तिच्याशी बोलत होत्या. शेजारच्या नीताचं लग्न ठरलं. तुझी शाळा पाडून नवी बांधली. यंदा गुलाबाला फुलंच आली नाहीत. डोक्यावर तळघराचा उघडा बल्ब लख्ख जळत होता आणि वरून कुणी वेळ सांगत नव्हतं.

दोन तास झाले, काकू बाजूला झाल्या नाहीत. आम्ही बुधवारी कॅलिफोर्नियाला निघालो. तो फोटो पुढे अल्बमात गेला की खिळ्यावर, मला माहीत नाही. पत्रात विचारायचा धीर मला झाला नाही. काकांना मी त्यानंतर पाहिलं नाही. डोळ्यांसमोर येते ती त्यांची पाठ. वरच्या पायरीवर वाकून बसलेले, एक काळ्या बोटांचा हात कठड्याला घट्ट धरलेला, दुसऱ्या हातात स्वतःचं घड्याळ, पण ते पालथं धरलेलं.

त्या दुपारी खूप वेळाने, न वळता, त्यांनी विचारलं,

"अगं, पाणी फार गार नाही ना?"

"नाही हो," काकू म्हणाल्या. "कोमट केलंय."